तफावत

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली
त्या दिवसापासून मी वही घातली.
सकाळी ११.४, रात्री ११.३.
नवीन काही ठेवलं नाही, काही उतरवलं नाही,
पत्त्यांचा एक डाव आणि बँकेचं खातं, बस्स.
तरी रोज एवढं-एवढंसं,
उंदराने कुरतडल्यासारखं.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये मोजणीवर होतो.
फाटलेला, डागाळलेला, वाकडा छापलेला
कागदसुद्धा मोजूनच द्यायचा.
एकदा एक शीट कमी भरलं.
भोंगा होऊन गेला, जेलरोडला दिवे लागले,
आणि आम्ही आतच,
डबे उघडे, चपला काढलेल्या,
कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.
साडेदहाला सापडलं,
दुसऱ्या शीटच्या पाठीला चिकटून बसलेलं.
गायधनी साहेब एवढंच म्हणाले,
कागद जात नाही रे, नजर जाते.

म्हणून फोल्डर उघडून उघडून बेरीज मांडली.
बेरीज एकशे अट्ठेचाळीस.
डिस्क म्हणते, भरलेत दोनशे एकतीस.
तफावत त्र्याऐंशी.

कचरापेटी रिकामी केली.
व्हायरस शोधला, नव्हता.
गिरणाऱ्याच्या हुरडा पार्टीचे दोनशे फोटो पुसले
(मी त्यांत एकाही नव्हतो, मीच काढलेले).
आठवड्यात तेवढी जागाही गेली.
रात्री उठून बघायचो.
पंखा घुर्रर करत असायचा
आणि मला वाटायचं, खातोय.

शेवटी बिटको चौकातून रेणुका गांगुर्डे आली,
हेल्मेट कीबोर्डवरच ठेवलं.
काका, लपवलेल्या फाइली धरल्या का बेरजेत?
लपवलेल्या?
काही गोष्टी मशीन दाखवत नाही. आपल्या भल्यासाठीच.
तिने एका चौकोनात टिचकी मारली
आणि फिकट, धुतल्या शाईचे फोल्डर वर आले.
त्यात एक फाइल. साधी, अक्षरांची. त्र्याऐंशी जीबी.
उघडेचना.
मग तिने नुसतं शेपूट ओढून काढलं:

प्रिंटर सापडत नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे.
प्रिंटर सापडत नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे.
प्रिंटर सापडत नाही.

प्रिंटर कुठाय, काका?
दिला. दोन वर्षं झाली.
सोसायटीचं सेक्रेटरीपद सोडलं तेव्हा,
त्रिभुवनांना. मी भिंतीकडे बोट केलं.
ती हसली.
दिलात, पण मशीनला सांगितलं नाहीत.

ओळीला शंभर अक्षरं धरली
तर त्र्याऐंशी कोटी ओळी.
दोन वर्षं, दिवसाचे आठ तास,
म्हणजे बरोब्बर एक पाळी.
सेकंदाला चाळीस हाका.
वहीत मांडलं. हिशेब जुळला.
इतक्या वर्षांत जुळलेल्या हिशेबाने
पहिल्यांदाच बरं वाटलं नाही.

खात्री आहे का? मशीनने विचारलं.
माझ्याआधी रेणुकानेच हो म्हटलं.
पट्टी निळी झाली.
साडेतीनशे रुपये. चहा नको,
उपनगरला अजून एक कॉल आहे.

रात्री ९४.३.
सकाळी ९४.३.
खाली दुहेरी रेघ मारली, वही मिटली.

साडेनऊला भिंतीपलीकडे
त्रिभुवनांनी नोटीस छापायला घेतली. पाण्याची असणार.
आधी तो घसा खाकरतो,
मग डावीकडे सरकतो, मग दोन पानं नीट,
तिसऱ्याला अडकतो.
झाकणावर, उजव्या कोपऱ्यात,
हलकी थाप मारावी लागते.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही.